आधी ऊन मोजा, मग कॅमेरा घ्या

देवगड तालुक्यातल्या आमच्या हापूसच्या बागेत वीज नाही. मांगरापर्यंत खांब आणायचे तर खर्च आवाक्याबाहेरचा, म्हणून सौर पॅनल आणि सिमकार्डावर चालणारा कॅमेरा बसवला. फळं उतरवायच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, त्याने चोख काम केलं. पाऊस लागला आणि मोबाइलवर नुसतं ‘ऑफलाइन’ दिसू लागलं. त्याच काळात विहिरीवरचा डिझेल पंप चोरीला गेला. चित्रण शून्य.

विक्रेत्याने सांगितलेलं ‘तीन दिवसांचं बॅकअप’ कागदावर खरं असतं, पण कोकणातलं मळभ तीन दिवसांत हटत नाही. हिशेब असा. अखंड चित्रण करणारा कॅमेरा सरासरी दीड वॅट खातो असं धरलं, तर दिवसाला ३६ वॅट-तास लागतात. १० वॅटचं पॅनल लख्ख उन्हात ४० च्या आसपास देतं. दाट ढगांत ते १० वर येतं. आतल्या बॅटरीत साठ वॅट-तास असले, तरी तिसऱ्या दिवशी कॅमेरा बंद. म्हणून माझा आग्रह आहे: पॅनल ४० वॅटचं आणि सोबत १२ व्होल्ट, २० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. पैसे कमी असतील तर दुसरा कॅमेरा घेऊ नका, एकालाच पोटभर वीज द्या.

पॅनल दक्षिणेकडे तिरपं लावा, असं सगळेच सांगतात. आपल्याकडे मात्र मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. नेमक्या पावसात फार तिरपं पॅनल उरलासुरला उजेडही गमावतं. पाणी वाहून जाईल इतकाच, दहा-पंधरा अंशांचा उतार पुरे. आणि कलमाची सावली पॅनलच्या एका कोपऱ्यावरही पडू देऊ नका. थोड्या सावलीने वीज निम्म्याखाली येऊ शकते.

शरीराची उष्णता ओळखून जागा होणारा कॅमेरा वीज फार कमी खातो, पण त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. मेच्या दुपारी तापलेल्या कातळासमोर माणूस त्याला नीट कळत नाही. सरळ कॅमेऱ्याकडे चालत येणारा उशिरा कळतो, आडवा जाणारा लगेच. त्यामुळे तो वाटेच्या तोंडावर न रोखता बाजूने, गडग्यालगत लावावा. वानरांमुळे इशारे येतच राहणार, ते गृहीत धरा. रात्री अवरक्त दिव्याभोवती किडे जमतात, त्यांच्यामागे कोळी येतो आणि जाळं थेट भिंगासमोर विणतो. राखणीच्या गड्याला आठवड्यातून एकदा फडकं मारायला सांगा.

नेटवर्क जमिनीवर उभं राहून तपासू नका. कॅमेरा लागणार त्या उंचीवर फोन धरा, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं घालून पाहा. वादळात गावची वीज गेली की काही तासांत टॉवरही बसतो. त्यासाठी मेमरी कार्ड हवंच.

कॅमेऱ्याचा रोख शेजाऱ्याच्या अंगणावर किंवा बायका कपडे धुतात त्या पाणवठ्यावर मुळीच नको. बसवण्याआधी शेजाऱ्यांना बोलावून मोबाइलवरचं चित्र दाखवा. त्यांच्यापैकी एकाच्या फोनवरही इशारा जाईल अशी सोय करा, कारण पुण्यात बसून तुम्ही चोर फक्त पाहू शकाल. बागेत पोचणार ते शेजारीच.