पडद्यामागील पहिला धडा
भूमिका न मिळालेला विद्यार्थी प्रथम खिन्न मनाने विंगेत उभा राहतो, हे आम्ही स्नेहसंमेलनाच्या तयारीत पाहत आलो आहोत. मग त्याच्याकडे कामे येतात : तिसऱ्या घंटेपूर्वी मंचावरील वस्तू यादीशी ताडून पाहणे, नटाने कोठे उभे राहावे त्या खुणेची पट्टी चिकटवणे, अंधारात आवाज न करता सामान बदलणे. प्रेमानंद गज्वी यांच्या ‘घोटभर पाणी’सारख्या एकांकिकेत पाण्यासाठी तळमळणाऱ्या माणसाचा चेहरा प्रेक्षकांना दिसलाच पाहिजे. पट्टी हातभर चुकली, तर तो चेहरा प्रकाशझोताबाहेर राहतो. एवढी जबाबदारी पेलल्यावर कामातील उच्चनीचतेची कल्पना त्याच्या मनातून गळून पडते. पालकांनी म्हणूनच, ‘तुला कोणती भूमिका मिळाली?’ यासोबत ‘तू काय सांभाळलेस?’ हेही पाल्यास विचारावे.