बारूखाची थांबलेली लेखणी

शास्त्रवाचन : निर्गम ३१:१-६ व ३५:२५-३५, यिर्मया ३६ व ४५, स्तोत्र १३१



आपल्यापैकी कित्येकांच्या घरी अशी एखादी वही असेल की, जिची पहिली चार पाने भरलेली आहेत आणि उरलेली कोरी. कोणी एके काळी गीते रचीत असे. कोणी शब्बाथशाळेच्या मुलांसाठी नाताळची नाटिका लिहावयास घेतली होती. कोणा बहिणीने आपल्या सासूबाईंच्या विश्वासाच्या आठवणी लिहून ठेवण्याचे मनात आणले होते. इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी राहणाऱ्या आपल्या बांधवांची तर आणखी एक अडचण असते. घराबाहेर दुसरीच भाषा, मुलांच्या तोंडी तिसरी. वर्षातून एखादे वेळी मराठीत चार ओळी लिहावयास बसावे तर शब्दच येत नाहीत. मग ‘ती देणगी मला नाहीच’ असा निकाल आपणच आपल्याविरुद्ध देऊन मोकळे होतो. हा निकाल शास्त्राला धरून आहे काय, हे ह्या पाठात पाहू.

‘निर्मिती’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. उत्पत्तीच्या पहिल्याच वचनात ‘उत्पन्न करणे’ ह्या अर्थी जे इब्री क्रियापद आले आहे त्याचा उच्चार ‘बारा’ असा आहे. (आपल्या आकड्याशी त्याचा काही संबंध नाही!) त्याच्या मूळ साध्या रूपात हे क्रियापद जुन्या करारात केवळ देवाविषयी येते, मनुष्य त्याचा कर्ता कधीच होत नाही. मनुष्य करतो, घडवितो, बांधतो, विणतो. त्यासाठी निराळी क्रियापदे आहेत. मला स्वतःला ह्यात मोठा दिलासा वाटतो. शून्यातून काही निर्माण करण्याची जबाबदारी आपल्यावर टाकलेलीच नाही. कोऱ्या पानापुढे आपण घाबरतो ते पुष्कळदा देवाचे काम अंगावर घेतल्यामुळे.

आता बसालेलाकडे पाहा. देवाच्या आत्म्याने भरलेला असे शास्त्रात ज्याच्याविषयी नावानिशी प्रथम म्हटले आहे तो संदेष्टा नव्हे, याजकही नव्हे. तो सोने, रुपे, पितळ, रत्ने व लाकूड ह्यांवर काम करणारा कारागीर होता. त्याची सारी सामग्री लोकांनी स्वखुशीने आणून दिलेली होती. निर्गम ३५:२६ हे वचन तर वाचकांनी दोनदा वाचावे अशी माझी विनंती आहे. तेथे बकऱ्यांचे केस कातणाऱ्या स्त्रिया आहेत. करूबांची नक्षी काढलेले तलम पडदे आत, आणि ह्या स्त्रियांनी कातलेले राठ कापड त्यांवर आच्छादन म्हणून. तरीही त्यांच्या कातण्यासाठी शास्त्राने ‘होख्मा’, म्हणजे शहाणपण किंवा कौशल्य, हाच शब्द वापरला आहे, जो बसालेलाच्या नक्षीकामासाठी वापरला.

लक्ष्मीबाई टिळकांना शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते. लिहिणे-वाचणे आले ते लग्नानंतर, पतीच्या शिकवणीने. १९३४ पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने प्रसिद्ध होऊ लागली. त्या ग्रंथाची सामग्री कोणती? स्वयंपाकघर, सोवळेओवळे, नवराबायकोचे तंटे, ताटातूट, ओढाताण. बकऱ्यांचे केसच ते! पण बाईंनी ते कातले.

तर मग हात थांबतात कशाने? ह्याचे उत्तर शोधताना मी नेहमी यिर्मयाच्या ४५ व्या अध्यायाकडे येतो. तो अवघा पाच वचनांचा आहे आणि आपण तो बहुधा ओलांडून जातो. काळ यहोयाकीम राजाच्या कारकिर्दीचे चौथे वर्ष, म्हणजे सुमारे इ. स. पूर्व ६०५. नेरीयाचा पुत्र बारूख हा यिर्मयाच्या तोंडची वचने ऐकून गुंडाळीत लिहीत आहे. लिहिता लिहिता तो खचला. कण्हून कण्हून मी थकलो, मला विसावा नाही, असे तो म्हणाला. लेखनिकाच्या अशा थकव्याची नोंद पवित्र शास्त्राने ठेवावी आणि त्यासाठी देवाने खास वचन पाठवावे, हे मला आजही नवल वाटते.

देवाने त्याला काय सांगितले? ‘तू चांगला लिहितोस’ असे नव्हे, ‘धीर धर, लोक तुझे नाव घेतील’ असेही नव्हे. स्वतःसाठी मोठ्या गोष्टींची अपेक्षा धरतोस काय? ती धरू नको, असा त्या उत्तराचा आशय आहे. बारूखाचा भाऊ सराया राजदरबारी अधिकारी होता (यिर्मया ५१:५९). धाकटा असो की थोरला, भाऊ मानाच्या जागी आणि आपण एका तिरस्कृत संदेष्ट्याचे लेखनिक, ही बोच बारूखाला नसेलच असे कोणी म्हणावे? शास्त्र ते सांगत नाही. हा माझा तर्क आहे. पण ती बोच आपल्या ओळखीची आहे. दुसऱ्याचे गीत साऱ्या मंडळ्यांत गाइले जाते, म्हणून आपली वही मिटते.

ह्याच संबंधात माझा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी स्तोत्र १३१ चे भाषांतर करताना माझी लेखणी थांबली. स्तोत्र तीन वचनांचे. त्यात दूध तुटलेल्या बाळाची उपमा आहे. शब्द मिळत होता, अर्थ हाती लागत नव्हता. दूध तोडले की बाळ रडून घर डोक्यावर घेते. मग ते शांततेचे चित्र कसे? आठ-दहा दिवस मी कोश चाळले. चिडचिड वाढली. माझ्यापेक्षा तरुण सहकाऱ्यांची कामे पुढे जात होती, तेही मनाला लागत होते. शेवटी कंटाळून शेजारच्या आजींना विचारले. त्या तांदूळ निवडीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तोडताना रडतं रे बाबा. एकदा तुटलं की नाही. मग ते दुधासाठी जवळ येत नाही, आईसाठी येतं.” इब्री शब्दाचे रूपही पूर्ण झालेल्या क्रियेचेच आहे, ते इतके दिवस माझ्या डोळ्यांपुढे होते!

त्या दिवशी स्तोत्राचे पहिले वचन पुन्हा वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मी मोठ्या गोष्टींच्या मागे लागत नाही, असे स्तोत्रकर्ता म्हणतो. तेथे ‘मोठ्या गोष्टी’ ह्यासाठी जो ‘गदोलोत’ हा शब्द आहे, तोच देवाने बारूखाला सांगताना वापरला आहे. दूध तुटल्यावर आईकडे आईसाठीच येणे. आणि काम करताना कामातून मिळणाऱ्या मोठेपणाची भूक तुटणे. दोन्ही तोडताना रडू येते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. प्रत्येक थांबणे गर्वामुळे नसते. शोक, आजारपण, वर्षानुवर्षांचा शीण ह्यांमुळेही मन कोरडे पडते. रतामाच्या झाडाखाली पडलेल्या एलीयाला देवाने आधी जेवू घातले, झोपू दिले, पुन्हा जेवू घातले; बोलणे मागाहून झाले (१ राजे १९). अशा बंधुभगिनींना ‘लिहा, लिहा’ म्हणून टोचू नये.

पण ज्यांना केवळ सुरुवात होत नाही त्यांनी टेबल सोडून उठावे आणि माणसांत जावे. मार्टिन ल्यूथरने १५३० मधील आपल्या पत्रात सांगितले आहे की, ईयोबाचे भाषांतर करताना तो आणि त्याचे दोघे विद्वान सहकारी ह्यांना कधी कधी चार दिवसांत तीन ओळीही पुऱ्या करता येत नसत. आणि शब्द शोधावयाचा तो घरातील आईजवळ, रस्त्यातील मुलांजवळ, बाजारातील साध्या माणसाजवळ, असेही त्याने त्यात लिहिले आहे. परप्रांती राहणाऱ्या वाचकांनी मराठी शब्द अडला तर खुशाल तेथे हिंदी, गुजराती वा तेलुगू शब्द लिहून पुढे जावे आणि रविवारी मंडळीतील एखाद्या वडीलधाऱ्यांना विचारावे. मीही कच्च्या प्रतीत जागा मोकळ्या सोडतो. दिवसाला पंधरा मिनिटे, एक परिच्छेद, एवढे माप पुरे. वाईट लिहिले गेले तरी पान फाडू नये. ती उद्याची सामग्री आहे.

केलेले काम नष्ट झाले तर? हाही एक मोठा अडथळा असतो. ११ मार्च १८१२ रोजी श्रीरामपूरच्या मिशन छापखान्याला आग लागली. १८११ साली मराठी नवा करार ह्याच छापखान्यातून बाहेर पडला होता. विल्यम कॅरी त्या वेळी कलकत्त्यास होते. भाषांतरांची हस्तलिखिते, कागदाचा साठा आणि अनेक वर्षांच्या श्रमाचा बहुभाषी कोश जळून गेला. छपाईची यंत्रे वाचली. राखेत अक्षरांचे ठसे सापडले, वितळलेल्या शिशातून नवे टाइप ओतले गेले आणि काम पुन्हा सुरू झाले. सर्वच परत मिळाले असे नाही. तो कोश पुन्हा उभा राहिला नाही. पण भाषांतरे झाली.

बारूखावरही हाच प्रसंग आला. दुसऱ्या वर्षी, नवव्या महिन्याच्या थंडीत, राजा शेगडीजवळ बसला होता. तीन-चार रकाने वाचून होताच तो चाकूने ते कापी आणि विस्तवात टाकी, असे करता करता सारी गुंडाळी जळाली. त्याआधी सरदारांनी बारूखाला विचारले होते की, हे तू कसे लिहिलेस? त्याचे उत्तर साधे होते: तो तोंडाने सांगत गेला, मी शाईने लिहीत गेलो. एकदा कण्हून थकलेल्या ह्याच माणसाच्या हाती यिर्मयाने दुसरी गुंडाळी दिली, आणि त्याने पहिल्यापासून सारे पुन्हा लिहिले. अध्यायाच्या शेवटच्या वचनात म्हटले आहे की, त्यात तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडली. ती वचने जळालेल्या गुंडाळीत नव्हती.