ऐजॉलचा कोच कोलकात्यात का अडखळला?

प्रश्न : आम्ही काही मित्र रविवारी सकाळी भिंगारला फुटबॉल खेळतो. खेळून झाल्यावर चहाच्या टपरीवर वाद सुरू होतो आणि सध्या तो एकाच गोष्टीवर अडलाय. अर्धे म्हणतात, लहान क्लबला वर काढणारा कोच मोठ्या क्लबात चालत नाही, खालिद जमील यांचंच बघा. बाकीचे म्हणतात, त्यांना कुणी धड संधीच दिली नाही. तुमचं मत काय? आणि आमच्या नगरसारख्या ठिकाणी शाळेतल्या पोरांना शिकवणारा कोच कधी वर जाऊ शकतो का? (एक वाचक, सावेडी, अहिल्यानगर)

उत्तर : मी दुसऱ्या गटाच्या बाजूचा आहे. मात्र पहिल्या गटाच्या म्हणण्यातही एक खरा मुद्दा दडलेला आहे आणि तो बाजूला सारून चालणार नाही.

खालिद जमील यांचं उदाहरण तुम्ही घेतलंत हे बरं झालं, कारण भारतीय फुटबॉलमध्ये या वादाला याहून चांगलं उदाहरण नाही, आणि ते आपल्या मुंबईत घडलेलं आहे. जन्म कुवेतचा, पण खेळाडू म्हणून सगळी उमेद महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाच्या संघांत गेली. दुखापतींनी खेळ संपवला आणि 2009 मध्ये ते मुंबई एफसीचे कोच झाले. पैसा कमी, चाहते मोजके, मोठी नावं नाहीत. अशा संघाला त्यांनी सात हंगाम आय-लीगमध्ये टिकवून धरलं, एकदाही खाली घसरू दिलं नाही. या कामाला कुणी करंडक देत नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. 2016 मध्ये क्लब आणि कोच वेगळे झाले. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेली, लीगमधून बाहेर पडली आणि नंतर बंद झाली.

त्याच हंगामात जमील मिझोरामला ऐजॉल एफसीकडे गेले होते. ऐजॉल आधीच्या वर्षी आय-लीगमधून खाली उतरलेला संघ. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं म्हणून त्याला परत आत घेतलं गेलं. जमील यांनी मुंबईतून आशुतोष मेहता आणि जयेश राणे यांना सोबत नेलं, सीरियाचा महमूद अल आमना मधल्या फळीत आणला, बाकी बहुतेक मिझो पोरं. 22 एप्रिल 2017 ला ऐजॉलच्या मैदानावर मोहन बागानशी गाठ पडली. दोन्ही संघ अग्रस्थानासाठी भिडलेले. ऐंशी मिनिटं ऐजॉलने बागानला जागा दिली नाही. मग 83 व्या मिनिटाला बचावपटू झोहमिंगलियाना राल्टे उंच उडाला आणि त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. 1-0. आठवड्याने 30 एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध एक गोल अंगावर पडलेला असताना विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधून दिली. त्या एका पॉइंटवर ऐजॉल चॅम्पियन झालं. 18 सामन्यांत 11 विजय, 37 पॉइंट, बागानला 36. ईशान्य भारतातल्या क्लबने देशातली सर्वोच्च लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

त्या 83 मिनिटांकडे नीट पाहिलं तर तुमच्या वादाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. लहान संघाचा कोच जिंकतो तो बहुधा असा : चेंडू समोरच्याला देऊन टाकायचा, आपल्या अर्ध्यात दाटीवाटीने उभं राहायचं, धीर सोडायचा नाही, आणि एक कॉर्नर किंवा एक काउंटर मिळाला की घाव घालायचा. यात कमीपणा काहीच नाही. अकरा जणांना नव्वद मिनिटं एका ओळीत, एका अंतरावर हलवत ठेवणं ही फार अवघड विद्या आहे आणि जमील यांचा तिच्यावर हात बसलेला आहे.

पण हाच कोच कोलकात्याला गेला की चित्र उलटतं. ईस्ट बंगालने 2017 मध्ये त्यांना आणलं. क्लबने राष्ट्रीय लीग शेवटची जिंकली होती 2003-04 मध्ये. एवढी वर्षं उपाशी राहिलेला प्रेक्षक प्रत्येक सामन्यात गोल मागणार हे उघड होतं. आता समोरचे संघ ईस्ट बंगालला घाबरून मागे बसू लागले. कालपर्यंत भिंत बांधणाऱ्याला आज भिंत फोडायची होती. त्यासाठी वेगळे खेळाडू लागतात, वेगळा सराव लागतो आणि मुख्य म्हणजे वेळ लागतो. पहिल्या गटाचं म्हणणं इथे खरं आहे : वर जाणं म्हणजे नुसता पगार आणि मैदान मोठं होणं नव्हे, कामच बदलतं.

दुसरी बाजू अशी की ऐजॉलमध्ये संघ कसा उभा करायचा हे कोच ठरवत होता. मोठ्या क्लबात त्याच्या डोक्यावर समिती असते, माजी खेळाडू असतात, सकाळचं वर्तमानपत्र असतं. ईस्ट बंगाल त्या हंगामात चौथ्या क्रमांकावर राहिलं आणि हंगाम संपायच्या सुमारास क्लबने सुभाष भौमिक यांना तांत्रिक संचालक म्हणून आणून बसवलं. संघ मग सुपर कपच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, तिथे बेंगळुरूने 4-1 ने हरवलं, आणि जमील यांचा तिथला काळ संपला. चौथा क्रमांक हे अपयश मानायचं असेल तर माना. पण विजेत्या मिनर्व्हा पंजाबचे 35 पॉइंट होते आणि ईस्ट बंगालचे 31, म्हणजे हे अंतर दोन सामन्यांच्या आतलं आहे. एवढ्यावरून 'हा माणूस मोठ्या क्लबाचा नाही' हा शिक्का मारणं मला अन्यायाचं वाटतं.

शिक्का बसला तो बसलाच. 2019 च्या जानेवारीत मोहन बागानने त्यांना अर्ध्या हंगामासाठी बोलावलं, तिथेही पुढे काही झालं नाही. मग ते इंडियन सुपर लीगमधल्या नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये परदेशी कोचच्या हाताखाली काम करायला गेले. ज्याने देशाची लीग जिंकली आहे त्याने पुन्हा सहायक व्हायचं. याबद्दल त्यांनी कधी आरडाओरड केली नाही. 2021 च्या जानेवारीत मुख्य कोच जेरार्ड नुस यांना क्लबने काढलं आणि संघ तात्पुरता जमील यांच्याकडे आला. साखळीतले उरलेले सगळे सामने संघ न हरता खेळला, तिसरा आला आणि उपांत्य फेरीत पोचला. त्यानंतर ऑक्टोबर 2021 मध्ये क्लबने त्यांनाच कायम केलं आणि इंडियन सुपर लीगला पहिला पूर्णवेळ भारतीय मुख्य कोच मिळाला. लीग सुरू झाली होती 2014 मध्ये. सात वर्षं एकाही क्लबाला असा भारतीय माणूस सापडला नव्हता!

हे फक्त त्यांच्याच वाट्याला आलं असं नाही. गोव्याचे क्लिफर्ड मिरांडा यांनी एप्रिल 2023 मध्ये हंगामी कोच म्हणून ओडिशाला सुपर कप जिंकून दिला, अंतिम सामन्यात बेंगळुरूला 2-1 ने हरवलं. पुढच्या हंगामाला ओडिशाच्या डग-आउटमध्ये परदेशी कोच सर्जिओ लोबेरा होते आणि मिरांडा मोहन बागानमध्ये सहायक. पुण्याजवळ राहणाऱ्या आपल्यासारख्यांना डेरिक परेरा आठवत असतील. पुणे एफसी त्यांच्या हाताखाली 2012-13 च्या आय-लीगमध्ये उपविजेती ठरली होती, आणि तो काही बड्या पैशाचा संघ नव्हता. एफसी गोवाने त्यांना मुख्य कोच केलं ते डिसेंबर 2021 मध्ये, आधीचे कोच हुआन फेरांदो भर हंगामात मोहन बागानकडे निघून गेल्यावर. आपल्याकडच्या भारतीय कोचला बढती मिळते ती अशी, कुणाची तरी खुर्ची अचानक रिकामी झाली की. तयार संघ, स्वतः निवडलेले खेळाडू आणि दोन वर्षांची हमी देऊन त्याला बोलावल्याची उदाहरणं मला फार शोधावी लागतात. 2014 ते 2025 या काळातल्या सुपर लीगच्या प्रत्येक विजेत्या संघाचा कोच परदेशी होता, याचं कारण केवळ गुणवत्तेत शोधू नका.

इंग्लंडमध्येही हा वाद चालतो. ग्रॅहम पॉटर यांनी स्वीडनच्या चौथ्या श्रेणीतल्या ओस्टरसुंडला वरच्या श्रेणीत नेलं, तिथला कप जिंकला. पुढे ब्रायटनला नावारूपाला आणलं, आणि चेल्सीत सात महिन्यांत घरचा रस्ता धरला. उलट ॲलेक्स फर्ग्युसन यांना 1978 मध्ये सेंट मिरन या छोट्या क्लबने काढून टाकलं होतं. नोव्हेंबर 1986 मध्ये ते मँचेस्टर युनायटेडला आले आणि पहिला करंडक मिळाला 1990 मध्ये. साडेतीन वर्षं क्लबने दम धरला. कोलकात्यात साडेतीन वर्षं कोचला मिळतील, अशी पैज तुमच्यातला कुणी लावेल का?

जमील यांची पुढची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. 2021-22 मध्ये नॉर्थईस्ट दहावी आली. मग काही काळ ते खालच्या श्रेणीतल्या बेंगळुरू युनायटेडकडे होते, तिथून जमशेदपूरला आले. 2024-25 मध्ये जमशेदपूर पाचवं, प्ले-ऑफच्या उपांत्य फेरीत मोहन बागानकडून एकूण 3-2 ने हार, सुपर कपच्या अंतिम सामन्यात गोव्याकडून हार. लागोपाठ दोन वर्षं ते अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे सर्वोत्तम कोच ठरले आणि ऑगस्ट 2025 मध्ये भारताचे मुख्य कोच झाले. सावियो मेदेइरा यांच्यानंतर 13 वर्षांनी हे पद भारतीय माणसाकडे आलं.

तिथे काय घडलं? अगदी कोलकात्यासारखंच. पहिल्या काही आठवड्यांत काफा नेशन्स कपमध्ये ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी 2-1 ने हरवलं, ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. हे दोन्ही संघ वरचढ होते, तिथे भिंत बांधायची होती. आणि 14 ऑक्टोबरला मडगावला, घरच्या मैदानावर, सिंगापूरविरुद्ध जिंकणं भाग होतं. भारताच्या छांगटेने लवकर गोल करून दिला. तो सांभाळायचा की दुसरा शोधायचा, यात संघ अडकलेला दिसला. सिंगापूरच्या साँग उई-याँगने विश्रांतीच्या आधी एक, नंतर एक असे दोन गोल केले आणि 2027 च्या आशिया कपचं दार बंद झालं. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही 1-0 ने हार झाली. म्हणून पहिल्या गटाचा मुद्दा मी आधी मान्य केला. चेंडू आपल्याकडे असताना काय करायचं, हा जमील यांच्या कामातला अपुरा राहिलेला भाग आहे. पण तो शिकता येतो. आणि दोन महिन्यांत, क्लबांकडून उसने आणलेल्या खेळाडूंच्या छोट्याशा शिबिरात तो कुणालाच शिकवता येत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, नगरच्या कोचचा.

वाट आहे, पण ती आपल्या राज्यात मध्येच तुटलेली आहे. पहिली पायरी महासंघाचा डी परवाना. महाराष्ट्रात त्यासाठी विफा, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत जावं लागतं. त्यापुढे आशियाई महासंघाचे सी, बी, ए आणि शेवटी प्रो. मधल्या काळात संघासोबत प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव लागतो, नुसती परीक्षा देऊन भागत नाही. डी आणि सी पर्यंत शाळेतला, अकादमीतला माणूस नोकरी सांभाळून जाऊ शकतो. खरी अडचण पुढे आहे. बी आणि ए झालेल्या माणसाला काम करायला संघ हवा, आणि महाराष्ट्रात ते संघ एकेक करून बंद पडले. महिंद्र युनायटेड 2010 मध्ये बंद झाली. मग एअर इंडिया, पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स, मुंबई एफसी, आणि 2019 मध्ये एफसी पुणे सिटी. जमील आणि परेरा ज्या पायऱ्यांवरून चढले त्या आज जवळजवळ उरलेल्याच नाहीत. मुंबई सिटीसारखा वरचा क्लब आहे, कोल्हापूरसारखं तालमींच्या संघांमागे वेडं झालेलं गाव आहे, पण कोल्हापूरच्या तालमीपासून सुपर लीगपर्यंत कोचला घेऊन जाईल असा मधला क्लब नाही.

त्यामुळे तुमच्या ओळखीतल्या कोचमध्ये खरंच धमक असेल, तर त्याला सांगा : सी परवाना हातात आला की एखाद्या सुपर लीग क्लबच्या 13 किंवा 15 वर्षांखालच्या संघावर सहायकाची जागा मिळते का ते बघ. पगार कमी असेल, नगर सोडावं लागेल. तिथे रोज चेंडू आपल्या संघाकडे ठेवून खेळायची सवय पोरांना लावायची असते, म्हणजे जमील यांना मडगावात जे हवं होतं त्याचा अभ्यास त्याचा पहिल्या वर्षापासूनच सुरू होईल.