खारा बन आणि दोन बंगळुरू

बंगळुरूला येणारा मराठी माणूस दोन गोष्टी आधीच ठरवून येतो. शहाजीराजांच्या खुणा शोधायच्या आणि लोण्याचा डोसा खायचा. दोन्ही कराच. १६३८ मध्ये विजापूरकरांनी हे शहर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. डोशाची थोरवी तर तुम्हाला ठाऊकच आहे. पण घरी पाहुणे आले की मी त्यांना दुपारी चारच्या सुमारास अय्यंगार बेकरीत नेते आणि खारा बन घ्यायला लावते.

दिसायला तो साधा पाव. पण कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि कढीपत्ता बारीक चिरून पिठातच मळलेला असतो, काही ठिकाणी शेपूही. आपल्याकडे बेकरीतले तिखट म्हणजे पॅटिस, आणि पॅटिसात चव सारणाची. इथे सारण नाहीच, पावच तिखट आहे. मैद्याचा हलका गोडवा आधी लागतो, मिरची मागून येते, आणि वर आलेला कांदा भट्टीत जिथे किंचित करपतो तो घास सर्वांत चांगला. दुसरा बन मधोमध कापून, लोणी लावून, आत ‘काँग्रेस’ भरून मागा. काँग्रेस म्हणजे सोललेले, दोन फाका केलेले, मिरी-हिंग-कढीपत्त्याचे मसालेदार शेंगदाणे. मऊ पाव, गार लोणी आणि कुरकुरीत दाणे असे एकत्र महाराष्ट्रात मी कुठे खाल्लेले नाही.

हा बन समजला की शहर समजायला लागते. केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसवलेली जुनी पेटे आणि इंग्रजांनी १८०९ मध्ये उभारलेली छावणी, अशी ही दोन गावे शेजारी शेजारी वाढली. कारभार वेगळा, भाषा वेगळ्या, जेवणही वेगळे. दोन्ही मिळून एक महानगरपालिका झाली ती थेट १९४९ मध्ये. पाव छावणीचा होता. सोवळ्या घरांत त्याला जागा नव्हती. अशा काळात, १८९८ च्या सुमारास, हासन भागातून आलेल्या तिरुमलाचार नावाच्या अय्यंगार गृहस्थांनी चिकपेटेत बंगळूर ब्रदर्स बेकरी काढली. आधी त्यांचे मिठाईचे दुकान होते, आणि भट्टीचे काम त्यांनी एका इंग्रज गिऱ्हाइकाकडून शिकून घेतले, असे सांगतात. अंडे वगळले, मसाला आपल्या स्वयंपाकघरातला घातला. पुढे हासनकडची आणखी कुटुंबे याच धंद्यात उतरली आणि गल्लोगल्ली अय्यंगार बेकऱ्या झाल्या.

मला यात फार मोठे धाडस दिसते. पुण्यातही पेठा आणि कॅम्प आहेतच. तिथे पेठेतला माणूस कॅम्पात कयानीच्या रांगेत उभा राहून श्रूसबेरी घेऊन येतो. बंगळुरूच्या पेटेने भट्टीच घरी आणली, तीही वैष्णव ब्राह्मणांच्या हातून, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ ती पेटती ठेवली.

कुठे खावा? विश्वेश्वरपुरममध्ये सज्जनराव सर्कलजवळची व्ही. बी. बेकरी १९५३ पासून आहे. हिरव्या मार्गिकेवरच्या नॅशनल कॉलेज मेट्रो स्थानकावरून चालत जाता येते. शेजारीच खाऊगल्ली आहे, पण तिकडे नंतर वळा. बाकी ‘अय्यंगार’ पाटी शहरभर दिसेल; ती दुकाने सगळीच त्या घराण्यांची नाहीत. पाटीकडे पाहू नका, ताजा ट्रे केव्हा निघतो ते विचारा. ‘ओंदु खारा बन कोडि’ एवढे कन्नड पुरते, आणि ते बोललात तर काउंटरमागचा माणूस आनंदाने चार गोष्टी जास्त सांगतो. बसायला जागा बहुधा नसते. इथे उभ्यानेच खातात.

छावणीची बाजूही चाखायची असेल तर फ्रेझर टाउनमध्ये मॉस्क रोडवर १९०२ पासूनची अल्बर्ट बेकरी आहे. ती दुपारनंतर उघडते. सामिष खाणाऱ्यांनी तिथला खिम्याचा पफ चुकवू नये.

घरी न्यायला रवा बिस्किटे आणि काँग्रेस घ्या, प्रवासात ती चांगली टिकतात. गोड हवे असेल तर खोबरे-टुटीफ्रुटीचे दिलपसंद घ्या, पण ते लवकर संपवा. खारा बन मात्र बांधून नेऊ नका. दुसऱ्या दिवशी त्यातला कांदा ओलसर होतो आणि पाव चिवट लागतो.