ताप उतरला, तेव्हाच जपा

पावसाळ्यात अर्धापुरात घरोघर ताप सुरू झाला की सगळ्यांचं बोट केळीच्या बागांकडे जातं. कालव्याचं पाणी, बागेतली ओल, दाट सावली. मग डास दुसरीकडून कशाला येतील? पुतण्याला डेंग्यू झाला तेव्हा आमच्याही घरात हेच बोलणं चाललं होतं. आमचे नेहमीचे डॉक्टर घरी आले, ते बागेकडे फिरकलेच नाहीत. न्हाणीशेजारच्या निळ्या ड्रमवर त्यांनी मोबाईलचा उजेड मारला. पाणी नितळ, रोजच्या वापराचं. उजेड पडताच बारीक अळ्या वळवळत तळाकडे पळाल्या.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात वाढत नाही. त्याला घरातलं साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं आणि तो चावतो दिवसा, म्हणून रात्रीची मच्छरदाणी एकटी पुरत नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याला एक कोरडा दिवस पाळा म्हणतात, तो याच हिशेबाने. पण नुसतं पाणी ओतून देऊ नका. अंडी पाण्याच्या काठाशी, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरलं की त्यांतून अळ्या निघतात. म्हणून रांजण, ड्रम, कूलर आतून काथ्याने खसखसून घासायचे. आपल्याकडे नळ रोज येत नाही, साठवण काही सुटत नाही. मग भांड्याच्या तोंडाला फडकं घट्ट बांधा. उपसता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडा. फ्रिजमागचा ट्रे आणि गच्चीवरचं टायर हमखास विसरतात.

आता पोराचं सांगतो, कारण खरा धोका तिथे आहे. पहिले तीन दिवस कडक ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, अंग मोडून आलेलं. एका ठिकाणी ताप उतरवायची सुई टोचली. चौथ्या दिवशी अंग गार लागलं आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं. दुपारी मात्र लेकरू पोट धरून बसलं, दोनदा उलटी झाली, हाक मारली तरी नीट बोलेना. भावजय म्हणाली, "भाऊजी, ताप गेला तर हे असं गळून का गेलंय?" तिच्या या एका प्रश्नामुळेच आम्ही डॉक्टरांना बोलावलं आणि त्यांनी लगेच नांदेडला धाडलं.

डेंग्यूत ताप उतरतो त्याच सुमारास रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं, रक्त घट्ट होतं, नाडी जलद पण क्षीण होते. पुढचे एक-दोन दिवस सगळ्यांत नाजूक. पोटात सतत दुखणं, पुन्हा पुन्हा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, गुंगी किंवा बेचैनी, यातलं एकही दिसलं की दवाखाना गाठायचा. लघवी सहा तास झाली नाही, तरीही. लोक प्लेटलेटच्या आकड्यावर जीव टांगून बसतात. डॉक्टर रक्ताचा घट्टपणाही तितकाच बघतात, आणि रक्तस्राव नसेल तर नुसता आकडा घसरला म्हणून सहसा प्लेटलेट चढवत नाहीत. पपईच्या पानांचा रस पाजत घरी वेळ काढणं मला तरी धोक्याचं वाटतं.

तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील तेवढंच. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्राव वाढू शकतो, सुई घेताना "यात काय आहे?" हे विचारायला लाजू नका. ओआरएस, ताक, पेज, नारळपाणी थोडं थोडं सतत पाजा. पहिल्या पाच दिवसांत रक्ताची एनएस-वन तपासणी होते, पुढे आयजीएमची. एकदा डेंग्यू होऊन गेला म्हणून सुटलो असं नाही. विषाणूचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्या प्रकाराची लागण जास्त जड जाऊ शकते.

रात्र झाली, उजाडल्यावर बघू, असं करू नका. नांदेड जवळ आहे. निघताना एक कागद सोबत ठेवा: ताप कधी आला, कोणती गोळी किती वाजता दिली, पोटात पाणी किती गेलं, शेवटची लघवी केव्हा झाली. भावजयीने हे सगळं पोराच्या वहीच्या पानावर लिहून घेतलं होतं, आणि तिथल्या डॉक्टरांनी नेमकं हेच विचारलं.