पन्हाळेकाजीची लेणी

बुरोंडीच्या किनाऱ्यावर वाळूत उमटलेली पावले भरतीची एक लाट पुसून टाकते. काळही माणसाच्या खुणा अशाच पुसून टाकीत असतो. मात्र खडकात कोरलेल्या खुणा तो सहसा पुसू शकत नाही. फार तर झाकून ठेवतो.

बुरोंडी ज्या दापोली तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजी हे गाव आहे. तेथील डोंगरात २९ लेणी आहेत. वर्षानुवर्षे साचलेल्या गाळाने त्यांतील कित्येक बुजून गेली होती.

या गावात एक ताम्रपट सापडला. तो शके १०६१ चा, म्हणजे इ. स. ११३९ मधील, शिलाहार राजा विक्रमादित्य याचा आहे. त्यावरून या स्थळाचे 'प्रणालक' हे प्राचीन नाव कळले. तो पत्रा एखाद्या तांबटाच्या भट्टीत वितळला असता, तर त्यावरील इतिहासही वितळून गेला असता!

प्राचीन वास्तूंचा शोध, अभ्यास आणि जतन करण्यासाठी १८६१ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण हे खाते स्थापन झाले. त्या खात्याचे विद्वान अधिकारी मधुसूदन नरहर देशपांडे यांनी विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात या लेण्यांचा कसून अभ्यास केला. गाळ उपसण्यात आला, एकेका मूर्तीची लक्षणे पारखण्यात आली. त्यांचा यावरील ग्रंथ १९८६ साली प्रसिद्ध झाला.

तेव्हा एक विलक्षण कथा उलगडली. येथे प्रथम हीनयान बौद्ध भिक्षू राहिले. पुढे वज्रयान पंथीयांनी महाचंडरोषण या देवतेची मूर्ती स्थापिली. नंतर शिव आणि गणपती यांची उपासना सुरू झाली; शेवटी नाथपंथीयही आले. एकाच डोंगराने इतक्या पंथांना आसरा दिला.

मूर्तीचा हात तुटला किंवा भिंतीवर कोणी आपले नाव खरडले, की या कथेतील एक अक्षर कायमचे नाहीसे होते. संरक्षित स्मारकाची नासधूस करणे हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. परंतु रानातल्या प्रत्येक लेण्याशी पहारेकरी कोठून असणार? तेथे येणाऱ्यानेच पहारेकरी झाले पाहिजे.

शब्दार्थ
ताम्रपट – तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला लेख
तांबट – तांब्याची भांडी घडविणारा कारागीर

स्वाध्याय
१. पन्हाळेकाजीचे प्राचीन नाव कशावरून कळले?
२. तेथे कोणकोणत्या पंथांचे लोक येऊन गेले?
३. 'तेथे येणाऱ्यानेच पहारेकरी झाले पाहिजे' असे का म्हटले आहे?