खिडकी मिटली तरी मजकूर उरतो : ईमॅक्समधील बफरांची आवराआवर

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू केले. पुढे महाराष्ट्र शासनाने या दोन्ही पत्रांचे अंक पुनर्मुद्रित केले. त्या पुनर्मुद्रणावरून काही लेख संगणकावर टंकित करण्याचे काम मुलुंडच्या आपल्या वसतिगृहातील आठवी-नववीचे विद्यार्थी करीत आहेत. त्यासाठी आम्ही ईमॅक्स हा मजकूर-संपादक निवडला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली खुला केलेला हा संपादक विनामूल्य आहे, जुन्या यंत्रांवरही चालतो आणि त्यात देवनागरी इनस्क्रिप्टची सोय आहे.

आरंभी एक भेद समजून घेतला पाहिजे. फाइल उघडली की तिचा मजकूर संगणकाच्या स्मृतीत येतो; त्या प्रतीला 'बफर' म्हणतात. बफर पडद्यावर जेथून दिसतो ती 'खिडकी'. कंट्रोल-एक्स व शून्य दाबले की चालू खिडकी मिटते. कंट्रोल-एक्स व एक दाबले की चालू खिडकी सोडून बाकीच्या मिटतात. दोन्ही वेळा बफर मात्र जिवंतच राहतो. तो खरोखर बंद करावयाचा असेल तर कंट्रोल-एक्स व के. खिडकी गेली म्हणून लेख गेला असे समजून रडकुंडीला आलेली मुले आम्ही पाहिली आहेत, आणि खिडकी मिटवून 'सर, सगळे बंद केले' असे सांगणारीही. दोघांचीही समजूत चुकीचीच.

बफर साचतात ते बहुधा सोयीमुळे. 'डेस्कटॉप-सेव्ह-मोड' चालू असेल तर काल उघडलेल्या फाइली आज आपोआप पुन्हा उघडतात. आठवड्याभरात चाळीस-पन्नास बफर सहज होतात. त्यांनी यंत्र मंद होते ही भीती येथे फारशी खरी नाही. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. अख्खा अग्रलेखही एका छायाचित्रापेक्षा लहान भरतो. धोका निराळाच आहे. प्रत्येक अंकाच्या फोल्डरात 'अग्रलेख' नावाची फाइल असते. ईमॅक्स त्यांच्या बफरांना फोल्डरचे नाव जोडून वेगळे करतो खरा, पण घाईत डोळा नावाच्या पूर्वार्धावरच थांबतो. मग तिसऱ्या अंकातील दुरुस्ती पाचव्या अंकात जाऊन बसते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागू नये. १९२० सालच्या लेखनातील अनुस्वार त्या काळाचा पुरावा आहे. तो आजच्या नियमाने 'शुद्ध' केला, किंवा एका अंकाचे वाक्य दुसऱ्यात मिसळले, की पुढच्या पिढीच्या हाती पडते ते साधन राहत नाही. म्हणून तपासून झालेली फाइल केवळ पाहण्यासाठी उघडली असेल तर कंट्रोल-एक्स, कंट्रोल-क्यू दाबून बफर 'फक्त वाचनासाठी' करावा.

आवराआवरीची उत्तम जागा म्हणजे बफरांची यादी. ती कंट्रोल-एक्स, कंट्रोल-बी या कळांनी येते. कंट्रोल-एक्स व ओ दाबून तिच्यात शिरावे. नावाच्या डावीकडे तारका असेल तर बफरात बदल झाला आहे. टक्क्याचे चिन्ह असेल तर तो फक्त वाचनासाठी आहे. नको त्या ओळीवर 'डी', जतन करावयाच्या ओळीवर 'एस', विचार बदलल्यास 'यू'. या केवळ खुणा आहेत. 'एक्स' दाबल्यावरच त्या अमलात येतात, आणि ही दोन टप्प्यांची रीत आम्हांला फार शहाणपणाची वाटते. एकेका बफराबद्दल विचारणारी 'किल-सम-बफर्स' ही आज्ञाही आहे, परंतु पन्नास प्रश्नांना उत्तरे देताना मुले न वाचताच 'होय' म्हणू लागतात. तीन दिवस न पाहिलेले बफर मध्यरात्री आपोआप मिटवणारा 'मिडनाइट-मोड' आमच्या कामाचा नाही. आमची यंत्रे रात्री बंदच असतात.

फाइलीशी जोडलेल्या बफरात जतन न केलेला बदल असेल तर बंद करताना ईमॅक्स विचारतो. मात्र 'स्क्रॅच' नावाच्या बफराला फाइलच नसते. तो बंद करताना किंवा ईमॅक्समधून बाहेर पडताना कोणीही विचारत नाही. त्यात लिहिलेले निघून जाते. पुष्कळ विद्यार्थी नेमके तेथेच लिहू लागतात, कारण ईमॅक्स उघडल्यावर सहज हाती लागते ते कोरे पान तेच. तेथे काही लिहिले गेलेच असेल तर कंट्रोल-एक्स, कंट्रोल-डब्ल्यू दाबून त्याला नाव व फोल्डर द्यावे.

भिक्खूच्या अष्टपरिष्कारात तीन चीवरे, पात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणी गाळण्याचे वस्त्र येते. मुलांना ही यादी पाठ आहे, म्हणून आम्ही विनोदाने विचारतो, तुमचे आठ बफर कोणते? उत्तरे मजेशीर येतात. प्रत्यक्षात तीन पुरतात : टंकित करावयाचा लेख, शंकांची टिपणवही आणि कामाची नोंद. टिपणवहीत संशयित शब्द पानाच्या क्रमांकासह लिहावा आणि मूळ जसेच्या तसे ठेवावे.

दिवे मालवण्यापूर्वी दहा मिनिटे राखून ठेवली आहेत. प्रथम कंट्रोल-एक्स व एस. प्रत्येक बदललेल्या फाइलीबद्दल विचारणा होते, ती मोठ्याने वाचावयाची. मग यादी, खुणा आणि शेवटी 'एक्स'. उरलेल्या बफरांची नावे नोंदवहीत लिहून विद्यार्थी सही करतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्या यंत्रावर बसणाऱ्याला काम कोठून पुढे न्यावयाचे ते कळते.